टोकन नंबर एकशे सत्तावन्न

शुक्रवारी रात्री नवी आवृत्ती चढवू नये,
हे मला माहीत होतं.
चढवली. शनिवारी पगार होता.

अक्कलकोट रोड एमआयडीसी, टॉवेलचा कारखाना,
तीनशे बारा माणसं.
पडद्यावर हिरवी खूण उमटली: काम यशस्वी.
मी घरी जाऊन झोपले.

सोमवारी दारात पारुबाई कुऱ्हाडे, शिलाई खातं,
भुवयांवर टॉवेलची लव.
"मॅडम, समद्यांचं आलं.
माझंच येईना झालंय की."

मग जे सगळेच करतात ते केलं.
बंद करून चालू केलं.
कॅशे पुसली, परवानग्या तपासल्या,
डिस्क भरली का पाहिलं. नव्हती.
सर्व्हरच्या खोलीतला कूलर कोरडा पडलेला,
त्यात दोन बादल्या ओतल्या,
नळाला पाणी चार दिवसांआड, त्यातल्या दोन.
जुनी आवृत्ती परत लावली:
पारुबाई यादीत आली
आणि तीनशे जणांचा रात्रपाळीचा भत्ता गेला.
पुन्हा नवी लावली.

पुण्याहून ऋत्विज फोनवर म्हणाला,
"माझ्याकडे चालतंय."
खरंच चालत होतं, त्यानं पडदा दाखवला.
त्याच्याकडची पारुबाई
केव्हाच पगार घेऊन मोकळी झाली होती.

लॉगच्या चौदा हजार ओळी वाचल्या.
एकही ओरडत नव्हती.

आमचे नायना मागावर जॉबर होते.
ताण्याचा एक धागा तुटला
की पत्र्याची बारकी पट्टी खाली पडायची
आणि अख्खा माग जागीच थांबायचा.
मालक शिव्या घालायचा, पण थांबायचा.
माझ्या कोडात, बाविसाव्या ओळीवर,
मीच लिहून ठेवलं होतं:
नाव जुळलं नाही तर पुढच्याकडे जा.
कुणाला सांगू नको, असं लिहिलं नव्हतं,
पण सांग, असंही नव्हतं लिहिलं.

मंगळवारी रात्री दीडला
दोन नावं शेजारी शेजारी मांडली.
आमच्या यादीतलं कुऱ्हाडे. बँकेच्या यादीतलं कुऱ्हाडे.
डोळ्यांना एकच.
मशिनला विचारलं, सारखी आहेत?
नाही.
लांबी विचारली.
एक आठ. एक नऊ.

मल्लिनाथ क्लार्कनं ऑफिसच्या जुन्या कीबोर्डवर लिहिलेलं,
आणि बँकेतल्या नव्या पोरानं मोबाईलवर.
तो अर्धा ऱ
मराठीत दोन वाटांनी लिहिता येतो,
आणि एका वाटेवर मध्येच एक अक्षर बसलेलं असतं
ज्याला रुंदी नाही, उच्चार नाही,
मोजताना मात्र ते आपली जागा मागतं.
गुर्रम, बिराजदार, शेख, म्हेत्रे, चिप्पा,
कुणाच्याच नावात ती वाट नव्हती.
ऋत्विजनं तर चाचणीसाठी
दोन्ही याद्या एकाच कीबोर्डवर लिहिल्या होत्या.

बदल तीन ओळींचा.
नावावरून नको, टोकन नंबरावरून जुळव.
जुळलं नाही तर थांब.
ओरड.
बदलाच्या नोंदीत आधी लिहिलं: "डेटातील दोष दुरुस्त."
वाचलं. खोडलं.
"ओळ बावीस, श्रीलताची चूक," असं लिहिलं
आणि दिवसाउजेडी, बुधवारी, चढवलं.

दुपारच्या सुट्टीत पारुबाई आली,
डब्यातली शेंगाचटणी कागदात बांधून,
नको म्हटलं तरी ठेवलीच.
"पैशे आले, मॅडम. पण हे बगा."
बँकेचा मेसेज पुढे धरला.
कु, मग एक रिकामा चौकोन, मग हाडे.
"माझ्या नावात ही खिडकी कशाला पाडली?"

मी माझ्या पडद्याकडे पाहिलं.
नाव सरळ, सगळे पाय जागेवर.
आणि तोंडातून निघून गेलं,
"माझ्याकडे तर बरोबर दिसतंय."