नखभर ढील

गोरिसच्या चढावर, पंपाच्या मागे काकाचं गॅरेज.
मी निवा आत घेतली.
त्यानं आधी गाडी ऐकली, मग मला पाहिलं.
"पुढचं डावं. कधीपासून कण्हतेय?"
"तातेवच्या घाटापासून."
"गाडी विचारतोय, तुझा बाप नाही."

एकोणीस वर्षांपूर्वी याच चाकाचा नट
त्यानं पान्यावर उभं राहून आवळला होता.
सैल ठेवणं म्हणजे कामचुकारपणा,
असं वाटायचं वय.
बेअरिंग तापलं, निळं पडलं,
घाटातल्या तिसऱ्या वळणावर चाक जाम.
बाबा अक्रोडाचं पोतं खांद्यावर घेऊन
अकरा किलोमीटर बर्फातून चालत आले,
पोतं त्याच्या दारात आपटलं
आणि एक शब्दही बोलले नाहीत.
त्यानंतरही नाही.
(काकू सांगते, अक्रोड मात्र चांगले निघाले.)

आज सकाळी माझ्या हातात किल्ली ठेवून म्हणाले,
"गेगामकडे ने."
त्यांच्या तोंडून हे नाव
मी पहिल्यांदा ऐकलं.

चाक उतरलं. जुना नट त्यानं खिडकीत ठेवला.
"हा परत लावायचा नाही.
एकदा ठेचलेली कड दुसऱ्यांदा धरत नाही."
नव्या बेअरिंगच्या फटीफटीत
अंगठ्यानं ग्रीस भरलं,
द्राक्षाच्या पानात भात भरावा तसं, न सांडता.

"शोघिक, आता तू आवळ. पण हब फिरवत राहा.
थांबलीस तर रोलर वाकडेतिकडे बसतील."
मी आवळलं. हब जड होत गेला.
"इथवर सगळ्यांनाच येतं," तो म्हणाला.
"आता सोड."
मी थोडं सोडलं.
"पूर्ण सोड."
मग पुन्हा, हलक्या हातानं, टेकेपर्यंत.
आणि तिथून मागे. नखभर.

"नखभर म्हणजे किती?"
त्यानं अंगठा दाखवला. नख काळं, अर्धं तुटलेलं.
"हे अख्खं होतं तेव्हाचं."

हब धरून हलवला.
मापाच्या घड्याळात काटा
केसाएवढा थरथरला.
"एवढं हललंच पाहिजे.
अजिबात न हलणारं
मी एकदा करून पाहिलंय."

मग पंच, हातोडा. दोन ठोके,
आणि नटाची कड खाचेत वाकली.
पाव आणायच्या निमित्तानं एक फेरी मारली.
"हात लावून बघ. कोमट चालेल,
चटका नको."
पैशांचं विचारलं तर म्हणाला, "बघू."

घरी पोचले तर बाबा फाटकातच.
मला काही न विचारता ते उकिडवे बसले,
हबवर तळवा ठेवला,
आणि ठेवलेलाच राहू दिला.
कोमटसुद्धा नव्हता.

"पैसे उद्या कोण नेऊन देणार?"
"मला नाही वेळ," मी म्हटलं.