तिरक्या लेबलाची

माझ्या हातून लेबल तिरकं बसलं
म्हणून ही बाटली मला निम्म्या दामात मिळाली.
मुकादम म्हणाला, घे एवेलिया,
वाकड्याला वाकडंच गिऱ्हाईक.
पिशवीत घातली, टोमॅटोंच्या खाली,
आणि अरांदासचा चढ चढून
तांबडी धूळ खात घरी आले.

सासरे उंबऱ्याशी बसले होते. निकानोर.
चाळीस वर्षं घायपात तासलं त्यांनी.
नडगीवर कोआच्या पात्याचा वण आहे,
लहान मुलांना ते तिथे बोट ठेवू देतात.
जन्मभर प्यायले ती पांढरी,
काल गाळलेली, आज घशात चाबूक.
पिंपात मुरलेली असायची ती मालकांची.
मी पुढ्यात ठेवली आन्येहो,
दीड वर्ष लाकडात राहिलेली,
त्या जातीतली सगळ्यांत स्वस्त.

पेले आमच्याकडे नाहीत.
मारियापुढच्या मेणबत्त्या जळून गेल्या
की त्यांच्या काचा घासून ठेवतो आम्ही.
बुडाशी क्रूस असतो,
भरलेला असताना दिसत नाही.

त्यांनी काच उजेडात धरली नाही.
रंग काय, म्हणाले, रंग विकतही मिळतो.
एक थेंब तळहातावर घेतला, चोळला,
कडक ते उडून जाऊ दिलं
आणि ओंजळीत नाक घातलं,
तोंड धुताना घालतात तसं.
बराच वेळ बाहेर आलेच नाहीत.

मीही हुंगलं.
मला आधी भाजलेलं रताळं आलं,
साल करपलेलं, खाली काकवी गळणारं.
रात्री शिट्टी मारत गाडीवाला जातो ना,
तो गेल्यावर गल्लीत जे उरतं, ते.
मग दालचिनी. मग सुतारकामाचा भुसा.
मागे कुठे तरी मिरी,
हाक मारली की येते, नाही तर नाही.

त्यांनी घोट घेतला. जिभेवर फिरवला.
गिळला.
म्हणाले, कोवळं आहे.

कोण?

घायपात. पाच वर्षांचं. फार तर साडेपाच.
आठ लागतात त्याला.
भाव चढले होते त्या साली,
ट्रक रात्री यायचे, दिवे मालवून.
मुळाशी अजून हिरवं, गोडी उतरलेली नाही,
पण मुनीम म्हणायचा, तोड.
आणि मी तोडलं, पोरी.
माझा शेवटचा हंगाम. तेलेस्फोरोच्या उतारावरचं.
हे तेच, असं नाही म्हणत मी.
असेलही.

मी बाटली उचलायला गेले.
त्यांनी मनगट धरलं.

थांब. अर्धंच सांगितलं.
कडेला कडवट आहे, ते कोवळेपण.
पण मधे बघ, लाकडानं कसं सांभाळून घेतलंय.
पिंपही नवं नसणार त्याचं,
उत्तरेतल्या कुणाची तरी व्हिस्की
पिऊन म्हातारं झालेलं,
आतून जळलेलं, स्वस्तात काढून टाकलेलं.
त्यानं याला दीड वर्ष पोटाशी धरलं.
झाकलं नाही काही. समजूत काढली.

मग किंमत विचारली. मी सांगितली,
निम्मी नव्हे, दुकानातली पूर्ण.
ओठ हलवत हिशेब केला:
माझ्या वेळची चार दिवसांची मजुरी.
आणि हसले, खोकला येईपर्यंत.
ओत, म्हणाले.
क्रूस दिसायला लागलाय.

दुसऱ्यांदा घाई केली नाही कुणीच.
समोरच्या कासिल्दाबाईंचं कुत्रं येऊन बसलं.
घोटाच्या शेवटी संत्र्याची वाळकी साल लागते
हे तेव्हा कळलं,
पहिल्या घोटात ती नव्हतीच, पैजेवर सांगते.
मी नखानं लेबल सरळ करायला गेले,
तर म्हणाले, असू दे,
तेवढ्यासाठी तर आली ती घरी.

सकाळी काचा घासायला घेतल्या.
त्यांची नाकाशी नेली, सहज.
दारूचा मागमूस नाही.
नुसतं ऊन लागलेलं लाकूड,
आणि अगदी तळाला, क्रूसाच्या खोबणीत,
काहीतरी हिरवं.

राखेत बुडवलेला हात तसाच थांबला.
दुपारी घासू, म्हटलं.