तोळामासा

नेबॉयशा या नावाचा अर्थ, भिऊ नकोस.
सासूबाईंनी ठेवलेलं.
ज्या हिवाळ्यात अख्खं झ्रेन्यानिन
लग्नाच्या अंगठ्या मोडायला आमच्या दुकानात आलं
त्या हिवाळ्यात या सोनाराचे हात थरथरू लागले.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवस घ्या, झोपताना एक.
एकोणीस वर्षं झाली.

झोप यायची, नाही कशाला म्हणू?
विहिरीत दगड टाकावा तशी.
वर काहीच यायचं नाही,
स्वप्नसुद्धा.
मग मुलीच्या लग्नातलं स्वतःचंच भाषण
तो मला विचारू लागला, बरं झालं होतं का गं?
मग न्हाणीघरात पडला, खुबा गेला.
मग शेजारचा मिलोराद. तीच गोळी, वर राकियाचे तीन पेले.
श्वास घ्यायचाच विसरला, म्हणाले.
त्या संध्याकाळी यानं डबी बेगेय नदीत भिरकावली.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारच्या बाजारात,
कोबीच्या ढिगाशी, फिट.
बूट एकमेकांवर आपटत होते. तो आवाज अजून आहे माझ्याकडे.

इस्पितळातला पोरगेला डॉक्टर रागावला नाही.
एकदम सोडायची नसते, काका, म्हणाला,
आणि कागदावर आठवड्यांचे रकाने आखून दिले.
इतके रकाने, की कागद मागच्या बाजूला उलटावा लागला.

तेव्हापासून रात्री शटर ओढून
तो तराजू काढतो.
ज्यात गावाची लग्नं जोखली
त्यात गोळी.
भिंग डोळ्याला, बारीक कानस हातात,
गुंजेचा शंभरावा भाग कमी करायला
अर्धा तास.
तब्येत विचाराल तर, तोळामासा.
तोंडाला पितळेची चव. कपात चमचा वाजला तरी दचकतो.
परवा लिफ्ट आली म्हणून रडला.
पण काल अंगठीत खडा बसवला, एका दमात,
आणि मला हाक मारली नाही, नुसता बघत बसला.

सोनार कण वाया घालवत नाही.
खालच्या खणात डबी सापडली मला,
एप्रनमधला सोन्याचा चुरा ठेवतो तसलीच.
आत पांढरी भुकटी.
ओतली तराजूत.
चार रात्री भरल्या.

डबी होती तिथे ठेवली, झाकण तसंच तिरकं.
तो आत आला तेव्हा
पारडं अजून हलत होतं.