मागचा पडदा

उरकुडा मांदाळे, पेंटर. वडशाच्या तीन नाटक कंपन्या,
चाळीस वर्षं, आणि मोजून चार देखावे:
राजवाडा, रस्ता, झोपडी, जंगल.
सरस मी ढवळायचो. नाक अजून विसरलं नाही.
पिवडी, गेरू, कपड्यांची नीळ, कंदिलाची काजळी,
अंगणात ताणलेलं मांजरपाट, त्यावर तो अनवाणी,
झाडूच्या कुंच्यानं आभाळ सारवत मागे मागे सरकणारा.
पडद्याचे साठ रुपये न् दोन पायल्या हिरानखी.

जंगल त्यानं पाहून नाही काढलं. ते तर दारातच होतं.
दवाखान्यातल्या कॅलेंडरवरून काढलं:
वाळके पिवळे डोंगर, टोकाला बर्फ, काळी उंच झाडं,
चित्रकाराचं नाव औषधाच्या डागाखाली गेलेलं,
उरलेलं एवढंच – स्पेन.
कंपाउंडर म्हणाला, लय दूर आहे ते.
"मंग बरं. वनवासाले दूरच पायजे."
धान निघालं की शंकरपटाच्या रात्री
झाडीतले राजपुत्र स्पेनमध्ये भटकायचे,
बर्फाखाली घाम पुसत.

एका वर्षी, कुणी सांगितलं नसताना,
त्यानं आमचा तलाव काढला.
पाळीवरचा मोह, वीज पडून एक फांदी गेलेला,
शिंगाड्याचे वेल, उपडा डोंगा.
नायिका विष प्यायला आली
आणि मागून कुणी ओरडलं, "अबे, हा तं आपला तरा हाये!"
मग कोण बघतं विष?
लोक उभे राहून आपापली बांधी शोधू लागले,
जी पाळीपलीकडे होती, पडद्यात नव्हती.
नायिका तीनदा मेली.
मॅनेजरनं पैसे कापले. पुढच्या मुक्कामी पुन्हा स्पेन.

"बावाजी, यात मानूस काहून नाही?"
"मानसं येतात ना समोर. रातभर हटत नाहीत."

फ्लेक्स आलं तेव्हा तो भांडला नाही.
शेवटी शेवटी पोळ्याला बैलांची शिंगं रंगवायचा.

तलाव माझ्याकडे आला, घडीघडीतून नीळ झडलेला.
धानाच्या गोदामात टांगला, पहिल्यांदाच एकटा,
पुढे कुणी नाही. तेव्हा दिसलं:
मधोमध माणसाएवढी जागा कोरीच आहे.
रंग वाचवला असेल. तिथे राजाच उभा असायचा.
फक्त पेन्सिलीची एक रेघ त्या कोऱ्यातून जाते,
या काठच्या पाण्यापासून त्या काठच्या पाण्यापर्यंत,
कुठे न तुटता.