सहा बोटं

पडद्यावर दोन पट्ट्या.
वरची भरून वाहते, खालची कोरडीठाक.
लोक वरचीच पाहतात आणि फोन करतात,
"सिग्नल त फुल हाये भाऊ, मंग चित्र काहून नाई?"

फोनवर काय समजावणार,
की वरची पट्टी नुसता गलका मोजते:
वायरीतली घूंघूं, एलएनबीची ऊब,
शेजारच्या उपग्रहाची बडबडसुद्धा.
त्या गलक्यातलं कळलं किती
ते खालची सांगते.

पांढरकवड्याहून निघालो तेव्हाच पाना पोळत होता.
मीटर नव्हता. मागच्या बुधवारी
रुंझ्याच्या एका गच्चीवरून वानरानं नेला,
अजून कुठल्यातरी चिंचेवर बीप बीप करत असेल.

पोडावरचं शेवटचं घर, लेतूबाई टेकाम.
नात आश्रमशाळेतून आलेली नाही,
आकडे वाचणारं दुसरं कोणी नाही.
"मी सांगतो ना बा," म्हणाली,
आणि खालच्या पट्टीला बोटं लावून बसली.

मी शिडीवर, छत्री आग्नेयेला,
नट अर्धा सैल.
"आता?"
"दोन बोटं."
केसभर वर.
"आता?"
"बोटभर. थरथरते."
"आता?"
"गेलं."

"होळीले वीतभर होती," ती आतून ओरडली,
आणि तेव्हा मी मान वर केली.
अंगणातला मोह.
फाल्गुनात छत्री बसवली तेव्हा उघडा होता,
बाई फुलं वेचत होती, मी भोकं पाडत होतो.
आता तांबूस पालवी, ओली, बरोबर वाटेत.
पानांतल्या पाण्यात सिग्नल बुडतो,
हे कंपनीनं एका दिवसाच्या ट्रेनिंगात शिकवलं होतं,
चहाच्या आधी.

"एक फांदी उतरवली की झालं."
ती बाहेर आली. एकदा मोहाकडे पाहिलं,
मग माझ्याकडे, जास्त वेळ.
"त्याचे पाय जमिनीत हायेत.
तुह्या छत्रीले त चारच बोल्ट."

चारच बोल्ट. पण तापलेले,
आणि वायर अकरा हात कमी.
शेळ्यांच्या गोठ्यामागे दगड रचले,
खांब रोवला, वायरीला गाठ मारली
(तीही सिग्नल खाते, थोडा).
एक पाट माझ्या खिशातली पावती चघळत होती.

"आता?"
आतून काहीच नाही.
"लेतूबाई, आता?"
"थांब. मोजतो."
पुन्हा काहीच नाही. हात पोळतोय,
श्वास सोडला तरी छत्री हलेल असं वाटतं.
"सहा. हालत नाई."

नट कसले. आत गेलो तर टीव्ही बंद.
कोंबड्या कोंडायच्या होत्या,
चित्र रात्री पाहीन म्हणाली.

कंपनीच्या कागदावर एक रकाना आहे:
क्वालिटी, टक्के.
मोटरसायकलच्या सीटवर कागद ठेवून
बराच वेळ पेन धरून उभा राहिलो,
मग स्वतःची बोटं पाहिली.
माझी जाड आहेत.
तिची सहा म्हणजे माझी पाचच भरली असती.