सड्यावरचा पंचनामा

कारण : अज्ञात.
या रकान्यात एवढंच लिहायचं असतं,
सव्वीस वर्षं मी तेच लिहीत आलोय.
बिडी असेल, भाजावळीचा निखारा असेल,
तारांचं घासणं असेल.
पेटवणारं निघून जातं, साहेब.
मागे असतं ते जळणारं.

आज लिहितो सविस्तर, समास संपेपर्यंत.

कारण : पाऊस.
हो, पाऊसच. आकाशकंदील भिजवून गेला
आणि देवदिवाळीला पुन्हा आला.
नवरात्रात पिवळं पडायचं ते गवत
वाढतच राहिलं, गुडघा, कंबर,
बैलाच्या वशिंडाएवढं.
मापायला बैल तेवढा नव्हता.
जनार्दन मांडवकराच्या गोठ्यात मोटरसायकल उभी असते.
"गवात कापू कुनासाटी?" म्हणाला.
चूक नाही त्याची.
कुणाचीच नाही, तोच तर घोळ आहे.

मग रानमोडी. करवंदीच्या उरावर बसलेली,
माघात बोट लावलं तरी कडकन मोडणारी.
जमिनीवरची आग तिच्यावरून चढते
शिडीवरून चोर चढावा तशी,
थेट ऐनाच्या फांद्यांत.

आणि ती ऑस्ट्रेलियन बाभूळ आमच्या खात्याची.
नोकरीच्या पहिल्या वर्षी खड्डे मीच मोजले होते.
तिचा पाचोळा कुजत नाही,
थरावर थर, नुसता वाट बघतो.
हे खोडू नका.

थंडी शिव शिव म्हणत जाते म्हणायचे.
यंदा शिवरात्रीच्या आधीच गेली,
कुणाचं नाव न घेता.
दुपारी मतलई पडली, खारा वारा उठला,
आणि खाली एवढा समुद्र लखलखत असताना
आमच्या हातात होते निरगुडीचे ओले डहाळे.
झोडपत होतो. पाणी दिसत होतं.

नुकसान : शेवंती पाष्टे, काजू, चौसष्ट कलमं.
तिसरं वर्ष, पहिला मोहर.
ती रडली नाही. दोनदा मोजली तिने,
दुसऱ्यांदा मला मोजायला लावली.
कुंभ्याला काही झालेलं नाही, जाड सालीचा तो.
त्याचा रकाना नाही.

कातळाच्या उघड्या पाठीवर,
जिथे काडीही उगवत नाही,
टिटवीची चार अंडी होती, दगडाच्या रंगाची.
धूर त्यांच्यावरून गेला.
टिटवी आमच्याच अंगावर ओरडत होती,
जणू आम्हीच लावली.

मी नाही म्हणालो नाही.

साहेबांनी कागद वाचला.
एक आडवी रेघ मारली, पुन्हा "अज्ञात" लिहिलं.
शेवंतीला सही येते, सातवी शिकलेली आहे,
पण बोटं मिटत नव्हती भाजल्याने.
अंगठा दे म्हणाले.
मी शाईची डबी शोधत राहिलो,
तोवर तिने अंगठा टेकवलासुद्धा.
उमटला स्वच्छ, रेषेन् रेष.
काजळी होतीच हाताला.