कूसु

खडेबाजारातल्या दुकानात पोरगं म्हणालं,
"सेटच घ्या सर, पूर्ण नर्सरी येते ह्यात."
पांढरा पलंग, पांढरं कपाट, कपाटावर ससे,
लंगोट बदलायचं टेबल, त्यालाही चार कप्पे.
ललितानं टेबलावरून हात फिरवला,
कडेचा पापुद्रा नखानं उचलून बघितला.
"भुसा आहे. वर कागद चिकटवलाय."
पोरगं तिच्या पोटाकडं बघत
अजून दोन हजार सोडायला तयार झालं.

आमच्या अनगोळच्या खोलीत
कॉट, शिलाई मशीन आणि मागचं दार
एकमेकांना वाट देत राहतात.
नर्सरी म्हणजे
मशीन आणि भिंत यांच्यामधली
तीन फूट दोन इंच.
मी तीनदा मोजली.
उद्यमबागेत लेथवर उभा राहून
केसाच्या दहाव्या भागापर्यंत माप धरतो मी,
अकरा वर्षांत एक शाफ्ट परत आलेला नाही.

माळ्यावर एक खोका आहे.
दोन वर्षांमागं घरपोच आलेला,
टेपसुद्धा न फाडलेला.
दिवाळीत माळा झाडताना
मी त्याच्या कडेकडेनं झाडतो.

रविवारी मग खानापूर रोडला, इराप्पा बडिगेर.
पत्र्याखाली फणसाच्या फळ्या,
आत्ताच कुणी हळद लावल्यासारख्या.
त्याचं मराठी तुटक, माझं कानडी त्याहून,
घासाघीस करण्यापुरतं दोघांचंही पुरतं.
कडी नको, स्लॅबला भोक पाडू देत नाही मालक,
स्टँडचा करा, मी म्हणालो,
आणि वहीतला आकडा दाखवला.
त्यानं वही माझ्याच हातात परत दिली,
ललिताकडं वळून विचारलं,
"कूसु यावाग?"
कधी, एवढंच कळलं असावं तिला.
हात मात्र आपोआप कुशीवर गेला.

त्याच्या भाषेत कूसु म्हणजे बाळ.
आमच्यात कूस म्हणजे
ते यायच्या आधी जिथं असतं ती जागा.
पाट्यांवरून भांडतात इथं,
डांबर फासतात, बसगाड्या अडवतात.
माझ्या काकानं तर दोनदा डोकं फोडून घेतलंय.
आणि हा शब्द असा,
एका उकाराचं भाडं भरून
दोन्ही घरांत राहिलेला.

कोपऱ्यात एक पाळणा तयार होता,
दुसऱ्याच कुणाचा तरी.
कठड्याला लाखेचे मणी, तांबडे आणि हिरवे.
ललितानं सहज बोट लावलं
तसा म्हातारा ओरडलाच,
"खाली तोट्टिल तूगब्याड्री!"
ती इतकी दचकली की मला त्याचा राग आला.
तो काही न बोलता पुढं झाला,
हातातला रंधा त्यानं पाळण्यात ठेवला,
आडवा, पातं आत ओढून,
आणि स्वतःच एक झोका दिला.
"आता चालतंय की."

ॲडव्हान्स पाचशे घेतले त्यानं.
पाळणा महिन्यात होईल, पण नेऊ देणार नाही,
आधी कूसु, मग तोट्टिलु.
मला वाटलं ललिता वाद घालेल.
ती फळ्यांचा वास घेत उभी होती.

आता कामावर जाताना रोज
गाडी हळू करतो मी तिथं.
आमचा पाळणा दिसतो पत्र्याखाली.
कधी त्यात पटाशी, कधी गुंडाळलेला टॉवेल,
परवा त्याचा जेवणाचा डबा.
काल एक मांजर झोपलं होतं.
इराप्पा त्याला उठवत नव्हता,
लांबूनच करवत घासत होता, हळू.

घरी ललितानं मशीन सरकवून घेतलंय,
शिलाईच्या खडूनं फरशीवर
स्टँडच्या चार पायांच्या खुणा केल्यात.
माझ्या मापापेक्षा दोन बोटं जास्तच.
रात्री पाणी प्यायला उठते ती,
दिवा लावत नाही,
अंधारातच
त्या चार खुणांना वळसा घालून जाते.